जांभळाखालचे चार दगड

मला बघायला आलेल्या माझ्या सासूने, नवसाबाईंनी, आमच्या नाशिक रोडच्या क्वार्टरमध्ये पहिला प्रश्न विचारला, तो माझ्याबद्दल नव्हता. वडील नोटा छापायच्या प्रेसमध्ये क्लार्क होते. त्यांच्याकडे रोखून बघत नवसाबाई म्हणाल्या, "रोज सुटताना गेटवर झडती घेत्यात म्हणं. खरं हाय का?"

"घेतात ना," वडील म्हणाले.

"मग बरं हाय," असं म्हणून त्यांनी चहाच्या कपाला हात लावला. त्या दिवशी मी पसंत पडले ती त्या झडतीमुळे, असं माझं आजही मत आहे.

चौऱ्याण्णव साली लग्न होऊन मी मखमलाबादच्या मळ्यात आले. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. मळा चार एकरांचा. झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेने गलांडा, आणि बाकी काकडी, दोडकी, कोथिंबीर. पहाटे फुलं तोडायची आणि उजाडायच्या आत सराफ बाजारातल्या फुलबाजारात टोपल्या पोचवायच्या. माझा नवरा महेश टोपल्या घेऊन जायचा, आणि आत्याबाई त्याच्याबरोबर जायच्या. मुलगा वाटेत फुलं विकेल असं त्यांना वाटत नव्हतं. पण व्यापारी तराजूच्या पारड्याला अंगठा लावतो आणि मुलगा दुसरीकडे बघत बसतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांचा संशय सर्वांवर सारखाच होता, त्यात दुजाभाव नव्हता. दूधवाल्याची किटली त्या आधी हुंगायच्या. डॉक्टरने इंजेक्शन दिलं की रिकामी बाटली मागून घ्यायच्या आणि उजेडात धरून बघायच्या. माझ्या माहेरून आलेल्या लाडवातला एक लाडू फोडून ठेवायच्या, तुपाचा की डालड्याचा ते मुंग्या ठरवतील म्हणून. पहिली दोन वर्षं मला याचा भयंकर राग यायचा. नंतर हसू यायला लागलं. कारण कळल्यावर मात्र हसू आवरतं घ्यावं लागलं.

आत्याबाईंचं माहेर दिंडोरीकडचं. त्यांच्या वडिलांनी मळ्याच्या कडेला एका माणसाला राखणीसाठी खोप बांधू दिली होती. माणूस चांगला होता, म्हणून त्याला कडेचा तुकडाही करायला दिला. मग कुळकायदा आला, आणि एके दिवशी सातबाऱ्यावर त्या माणसाचं नाव लागलं. तीन एकर गेले. वडील पुढे जगले ती सगळी वर्षं बांधावर बसून त्या तीन एकरांकडे बघत. कायदा चुकीचा होता की बरोबर, हे मी सांगत नाही. पण बावीस वर्षांच्या नवसाबाईंनी बाप तसा बसलेला बघितला आणि एक गोष्ट मनात घट्ट बांधून घेतली. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आपल्या मळ्यात कुणाचीही कुठलीही वस्तू एका जागी फार दिवस राहू द्यायची नाही.

आणि त्या खरोखरच राहू द्यायच्या नाहीत. दसऱ्यानंतर भाताची कापणी उरकली की सुरगाण्याकडची माणसं कामाला खाली उतरतात. आमच्याकडेही एक जोडपं यायचं, मंगळू आणि तानुबाई. त्यांच्या खोपीची जागा आत्याबाई दर महिन्याला बदलायला लावत. चुलीचे तीन दगडसुद्धा उचलायला लावत. मंगळू मुकाट्याने कुड उपटायचा आणि वीस हातांवर पुन्हा उभारायचा. सासरे होते तेव्हा ते म्हणायचे, "अगं, त्या कायद्याला जमाना झाला." त्यावर आत्याबाई म्हणायच्या, "कायदा जुना झाला, मान्सं नवी हायेत."

सत्त्याण्णवच्या दसऱ्यानंतर मंगळू जीपच्या टपावरून एक लाकडी पेटी घेऊन उतरला. पेटी पोत्यात गुंडाळलेली, आणि आतून गुणगुण ऐकू येत होती. त्याच्या पाड्यावर सरकारी शिबिर झालं होतं, तिथे रिकाम्या पेट्या मिळाल्या. उंबराच्या ढोलीतलं सातेरी मधमाश्यांचं मोहोळ त्याने स्वतः पेटीत घेतलं होतं. दोनदा माश्या उडून गेल्या, तिसऱ्या वेळी टिकल्या. तो खाली आला की घरी बघायला कुणी नाही, म्हणून पेटी बरोबर घेऊन आला होता.

"एक हात जागा द्या, बाई," तो आत्याबाईंना म्हणाला. "पाच पेट्या झाल्या का मंग आमी खाली उतरत नाय. मोहिनीला शाळंत ठेवायची हे."

मोहिनी त्याची मुलगी. दर वर्षी दसऱ्याला आईबापाबरोबर खाली येताना तिची शाळा सुटायची आणि होळीला परत गेली की पोरं पुढच्या धड्यावर असायची. एवढं मागून त्याने एकच अट घातली, आणि ती घातली नसती तर फार बरं झालं असतं. तो म्हणाला, "खोप हलवा, चूल हलवा. पेटी तेवढी हलवू नका, बाई. माशीला जमत नाय."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. पण त्यांच्या भुवया मी बघितल्या होत्या.

जांभळाखाली एका घडवंचीवर पेटी ठेवली गेली. मुंग्या चढू नयेत म्हणून घडवंचीचे चार पाय पाण्याच्या चार वाट्यांत ठेवले. मला त्या पेटीचं वेडच लागलं. दुपारी जेवण झालं की मी तिथे जाऊन बसायची. माश्या मागच्या पायांना पिवळ्या गोळ्या लावून यायच्या आणि दारातून आत शिरायच्या. पण आठवड्याने मंगळूने झाकण उघडून बघितलं आणि मान हलवली.

"ताई, तुमच्या मळ्यात फूल झाडावर नांदतच नाय," तो मला म्हणाला.

हे मला कधी सुचलंच नव्हतं. एवढा फुलांचा मळा, पण आमची सगळी फुलं उजाडायच्या आत टोपलीत. फूल झाडावर वाळलं तर माळ्याच्या घराला ती लाज. तुळशीला मंजिऱ्या आल्या की खुडायच्या, नाहीतर तिच्या डोक्याला भार होतो. कोथिंबीर फुलायच्या आत जुडी बांधायची. माश्या निघायच्या तोवर मळा साफ झालेला असायचा. म्हणून मी कोथिंबिरीचा एक वाफा तसाच सोडला, तुळशीच्या मंजिऱ्या ठेवल्या, बांधावर मूठभर मोहरी फेकली आणि गलांड्याच्या एका ओळीला हात लावायचा नाही असं ठरवलं.

आत्याबाई त्या वाफ्यापाशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कोथिंबीर फुलोऱ्याला गेलेली दिसली का लोकं म्हनतील, घरात आळशी सून आली. अन् हे सगळं त्येच्या माशांसाठी?"

"आपल्या काकडीसाठी पण आहे, आत्याबाई. माशी फिरली की फळ धरतं."

"तुला कोनी सांगितलं? मंगळूनंच ना?"

महिन्याभरात काकडीचे वेल खरंच लगडले. वाकडी, बारकी फळं गळून जायची ती थांबली. आत्याबाईंनी ते बघितलं, आणि त्यांचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. फुकटात एवढं भलं कोण करतं? पेटी हलवू नको असं तो मुद्दाम का म्हणाला? खरी मेख तिथेच आहे.

डिसेंबरात मंगळू आणि तानुबाई दीड महिन्यासाठी द्राक्षाच्या कामाला दुसऱ्या गावी गेली. पेटी राहिली. ती गेली त्या शनिवारी दिवेलागणीला आत्याबाईंनी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मला म्हणाल्या, "घडवंची अन् वाट्या घे. पेटीचं दार बोळ्यानं बंद कर."

"आत्याबाई, त्याने सांगितलंय ना, हलवू नका म्हणून."

"म्हनून तर हलवायची."

मी घडवंची उचलली. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण उचलली हे खरं आहे. साठीची ती बाई डोक्यावर गुणगुणती पेटी घेऊन पुढे, आणि मी चार वाट्या पदरात घेऊन मागे. पेटी विहिरीजवळ गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळाखाली माश्या घोंघावत होत्या. जिथे पेटी होती तिथल्या रिकाम्या हवेत त्या गोल गोल फिरत होत्या. काही जमिनीवर बसत, पुन्हा उठत. दुपारपर्यंत जांभळाच्या बुंध्यावर मूठभर माश्यांचा झुबका धरला होता.

मला वाटलं, यांना काहीतरी झालंय. आत्याबाईंना वाटलं ते वेगळंच. त्या माझा दंड धरून म्हणाल्या, "बघितलंस? जागा सोडत नायत. शिकवून ठेवल्यात त्येनं."

आता सांगताना हसू येतं. पण तेव्हा त्या खरोखर घाबरल्या होत्या. बापाच्या तीन एकरांवर माणूस बसला होता, इथे माश्या बसल्या होत्या. पुढच्या शनिवारी त्यांनी पेटी आणखी लांब, खालच्या बांधावर नेली. मग विहिरीजवळ झुबका दिसायला लागला. त्याच्या पुढच्या शनिवारी पेटी शेवग्याखाली. दर वेळी जुन्या जागेवर सकाळी माश्यांचा फेर, संध्याकाळपर्यंत जमिनीवर मेलेल्या माश्यांचा सडा, आणि दर वेळी पेटी आधीपेक्षा हलकी. आत्याबाईंनी डोक्यावरून उतरवताना एकदा ती हातात तोलून बघितली.

मंगळू यायच्या आदल्या दिवशी आम्ही पेटी परत जांभळाखाली ठेवली. त्याने आल्या आल्या झाकण काढलं. पोळ्यांवर मेणअळीची जाळी पसरली होती. तळाला वाळक्या माश्या. राणी कुठे दिसली नाही. तानुबाई तोंडावर पदर घेऊन मटकन खाली बसली. मंगळूने एक एक पोळं काढून उन्हात धरलं, परत ठेवलं, आणि झाकण लावलं.

"काय झालं असंल रे?" आत्याबाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

"काय ठावं, बाई," तो म्हणाला. मग मळ्यातून एक चक्कर मारून आला. होळीपर्यंत त्याने नेहमीसारखं काम केलं आणि रिकामी पेटी पाठीला बांधून निघून गेला. जाताना आत्याबाईंनी नेहमीसारखं त्या दोघांचं गाठोडं उघडून बघितलं. त्यात दोन लुगडी, एक विळा आणि मोहिनीसाठी घेतलेली पाटी होती.

पुढच्या दसऱ्याला मंगळू आला नाही. दिवाळी झाली तरी नाही. काकडीची फळं पुन्हा वाकडी, पिवळी पडून गळायला लागली. आत्याबाई रोज संध्याकाळी जांभळाखाली जाऊन यायच्या. एक दिवस म्हणाल्या, "दुसऱ्या कोनाच्या मळ्यात पेट्या ठेवल्या असतील त्येनं. आपली काकडी बुडवली. चल, बघून येऊ."

मला वाटतं, त्यांना जायचं होतंच. पण संशयाचं निमित्त नसताना कुठे जायची त्यांना सवय नव्हती.

वणीपर्यंत एसटी, पुढे सुरगाण्याची जीप, शेवटी तासभर चाल. मंगळूचं घर उतारावर होतं. नागली कापून झाली होती. तो घरी नव्हता, दुसऱ्याच्या खळ्यावर मजुरीला गेला होता. मोहिनी अंगणात धाकट्या भावाला खेळवत होती, आणि तो वार शाळेचा होता. तानुबाईने घोंगडी टाकली आणि पाणी दिलं. आत्याबाईंनी पाणी न हुंगता प्यायलं, हे मी पहिल्यांदा बघितलं.

घराच्या कुडाला एक मडकं अडकवलेलं होतं, त्याच्या भोकातून माश्या ये-जा करत होत्या. आत्याबाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उन्हात हाय ते. त्या बाजूला सावलीत ठेवलं तर?"

"नाय जमत, बाई," तानुबाई म्हणाली. "जरा सरकवलं का माशी जुन्याच जागेला परत येते. घर सापडत नाय. तिथंच फिरून फिरून मरते."

आत्याबाईंचा प्रश्न तयार होता. "मग सुरगाण्यावरनं आमच्याकडं आनली तवा कशी नाय मेली?"

"लांब नेली तं मुलूखच नवा लागतो. मंग ती निघताना दार नीट बघून ठेवते. जवळ नेली तं वाट वळखीची, म्हनून जुन्या घरीच जाते."

आत्याबाई मडक्यासमोर जाऊन बसल्या. दिवस कलताना मंगळू आला. आम्हाला बघून तो अंगणाच्या कडेलाच थांबला. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या.

"मंगळू, तुझी पेटी मी हलवली व्हती. चार येळा. माशा मी मारल्या."

मंगळूने खांद्यावरचा टॉवेल काढून कुडावर टाकला. "ठावं हे," तो म्हणाला. "विहिरीपाशी चार वाट्यांचे खळगे. बांधावर चार. शेवग्याखाली चार. अन् दर ठिकानी माशा मेलेल्या."

"मग तवाच का नाय बोलला?"

"तुमच्या मळ्यात राहून तुमच्यावर आळ घेऊ? मंग खोप कुठं बांधू?"

मी खाली मान घातली. आत्याबाईंनी मात्र घातली नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या. "माझ्या बापाची जमीन अशीच गेली रे," त्या म्हणाल्या, आणि तिथे, त्या अंगणात, त्यांनी ती तीन एकरांची गोष्ट पहिल्यांदा घराबाहेरच्या माणसाला सांगितली. मंगळूने सगळी ऐकली. मग म्हणाला, "आमच्याकडं तर तुकडाच हे, बाई. आमी कोनाची घेनार?"

निघताना त्या म्हणाल्या, "मोहोळ धर परत. पेटी आन. जागा देते, कायमची."

"आधी जागा बघीन," मंगळू म्हणाला.

आता संशय घ्यायची पाळी त्याची होती.

आत्याबाईंनी घरी आल्यावर पाथरवटाकडून चार दगडी खुंट घडवून आणले, प्रत्येकाच्या माथ्याखाली मुंग्यांसाठी पाण्याची खाच असलेले. जांभळाखाली खड्डे खणून ते सिमेंटात पुरले. शिवाय तलाठ्याकडे जाऊन एक हात जागेवर मंगळूचं नाव लावून द्या म्हणाल्या. तलाठी म्हणाला, पेटीसाठी अशी नोंद होत नसते. आत्याबाई तिथे कडाडल्या, "नको व्हतं तवा नाव आपोआप लागत व्हतं. आता मी सोता लावा म्हनते, तर लागत नाय?"

पंधरा दिवसांनी मंगळू रिकाम्या हाताने आला. एकेका दगडाला पाय लावून त्याने जोर दिला. तिसरा दगड किंचित हलला. "कच्चा हे," म्हणाला, आणि चहा घेऊन परत गेला. महेश चिडला. आत्याबाई चिडल्या नाहीत. त्यांनी तो दगड उपटवून पुन्हा पुरला आणि आठ दिवस रोज स्वतः कळशीने पाणी मारलं.

नव्याण्णवच्या दसऱ्याला तो पेटी घेऊन आला. आधी चारही दगड पायाने दाबून बघितले, मग पेटी ठेवली. आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "बघ, नीट बघ," त्या म्हणाल्या. "बघितल्याबिगर ठेवू नको."

पुढे दर वर्षी हेच. आणि दर वर्षी तो मधाची एक बाटली द्यायचा, तेव्हा आत्याबाई पेलाभर पाणी मागवून त्याच्यासमोरच त्यात एक थेंब सोडायच्या. थेंब न विरघळता तळाला गेला की मगच बाटली घरात यायची. मंगळू तोवर शांत उभा राहायचा. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे.

दगडांभोवती आत्याबाईंनी स्वतः तुळशी लावल्या, आणि मंजिरी खुडायला गेलेल्या बाईचा हात त्या वरच्या वर धरायच्या. सिंहस्थाच्या वर्षी फुलांना कधी नव्हे अशी मागणी आली, बाकीचा मळा आम्ही दिवसातून दोनदा तोडला, पण जांभळाशेजारची गलांड्याची ओळ तशीच उभी राहिली. तोवर मंगळूच्या सहा पेट्या झाल्या होत्या. त्यांतली एक तो थंडीपुरती आमच्याकडे ठेवायचा, बाकीच्या वर घरी. आता तो मजुरीला उतरत नसे. पेटी ठेवायची, ओट्यावर चहा घ्यायचा आणि त्याच दिवशी परत. मोहिनी दहावीला गेली होती. त्याने तिचे नववीचे मार्क सांगितले तेव्हा आत्याबाईंनी निकालाचा कागद बघायला मागितला.

दोन हजार आठच्या भाद्रपदात आत्याबाई गेल्या. शेवटच्या आजारात त्यांनी सलाइनची बाटली उलटी करून तारीख वाचायला लावली होती.

त्या दसऱ्यानंतर मंगळू आला. केस पांढरे झालेले. खांद्यावर पेटी, हातात मधाची बाटली. बाटली त्याने माझ्या हातात दिली आणि तिथेच उभा राहिला, जात नव्हता. मला जरा वेळाने लक्षात आलं. मी आत जाऊन पेलाभर पाणी आणलं आणि त्याच्यासमोर त्यात एक थेंब सोडला. थेंब तळाला गेला. त्याने मान डोलावली.

मग तो जांभळाखाली गेला, वाकला आणि पेटी सरळ दगडांवर ठेवून मोकळा झाला.

"मंगळूदादा, दगड नाही बघितले?" मी विचारलं.

तो पेटीच्या दारातला बोळा काढत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आता कोन हलवनार, बाई?"